कोण आलात, केव्हा आलात

परगावी गेलेल्या माणसाला मराठीत ‘कुठे उतरलात?’ असे विचारतात. घोड्यावरून, बैलगाडीतून, मेण्यातून माणूस जिथे खाली उतरतो तिथे त्याचा मुक्काम पडतो; म्हणून प्रवासी तो ‘उतारू’. या उतारूला दाराशी दोन प्रश्न विचारले जातात आणि दोन्ही फार जुने आहेत. पहिला, तुम्ही कोण? दुसरा, तुम्ही केव्हा आलात आणि केव्हा जाणार? आजच्या हॉटेलातला चेक-इनचा सगळा सोपस्कार या दोन प्रश्नांत मावतो. ओळखपत्राची प्रत पहिल्यासाठी. दुपारी बारापूर्वी खोली सोडण्याचा नियम आणि मे महिन्यात चढणारे भाडे दुसऱ्यासाठी. महाबळेश्वर-माथेरानच्या सीझनच्या दरांवर आपण दर वर्षी चिडतो. तीच खोली, तोच पलंग, तीच खिडकी. मग जुलैत एक भाव आणि मेमध्ये दुसरा का, हा प्रश्न साधा आणि रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र मुक्कामाच्या इतिहासात शोधावे लागते, आणि तिथे एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. आपल्याकडे मुक्कामाची दारे शतकानुशतके ‘कोण’ या प्रश्नावर उघडत किंवा बंद होत असत. ‘केव्हा’ या प्रश्नावर दर ठरू लागले, तेव्हा ती दारे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सार्वजनिक होऊ लागली. हंगामी दर ही त्या अर्थाने आपल्या समाजाने चढलेली एक पायरी आहे. अन्याय दर बदलण्यात नाही. तो दर आणि नियम आधी न सांगण्यात आहे, आणि दाराशी पुन्हा ‘कोण’ विचारू लागण्यात आहे.

हंगाम ही कल्पना साहेबाने आणली असा समज असेल, तर तो आधी बाजूला ठेवला पाहिजे. महाराष्ट्रातले प्रवासाचे जुने हंगाम तीर्थांचे आहेत. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, बारा वर्षांनी सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वर, गुरू कन्या राशीत आला की कन्यागतात कृष्णाकाठची वाई आणि नरसोबाची वाडी. एरवी शांत असणाऱ्या गावात ठरलेल्या तिथीला गावाच्या कितीतरी पट माणसे येत, आणि ती कुठे उतरणार याची एक पक्की व्यवस्था होती. यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायाकडे जाई. उपाध्याय वही उघडी, त्यात गाव, कूळ, आजा-पणजा यांच्या नोंदी सापडत आणि मग ओसरीवर जागा मिळे. या वह्या म्हणजे आपल्याकडची मुक्कामाची सर्वांत जुनी नोंदणीपुस्तके म्हणता येतील. त्यांत माणसाची किंमत त्याच्या पूर्वजांवरून ओळखली जाई. खोलीचे भाडे नावाची वस्तूच नव्हती. दक्षिणा होती, ती ऐपतीवर आणि नात्यावर अवलंबून असे. ज्यांचा उपाध्याय नव्हता त्यांच्यासाठी धर्मशाळा होत्या. १७६७ ते १७९५ या काळात इंदूरचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थांवर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. व्यापाऱ्यांनी, सावकारांनी, पुढे ज्ञातिसंस्थांनी त्या पुण्यकर्मात भर घातली. धर्मशाळेत पैसे पडत नसत आणि मुदत बहुधा तीन दिवसांची असे. दानातून उभी राहिलेली ही व्यवस्था थोर होती, तिने लाखो थकलेल्या पायांना छप्पर दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण दान देणाऱ्याला ते कोणाला द्यायचे हे ठरवता येते. फुकट दार हे बहुतेक वेळा निवडक दार होते.

मुक्कामाच्या जागेवर सरकारी नियमांची छाया पडली ती एकोणिसाव्या शतकात. हिंदुस्थान सरकारने १८६७ मध्ये सरायांचा कायदा केला. आजच्या हॉटेल-लॉजच्या नियमांचे बरेचसे मूळ त्यात आहे. सराय चालवणाऱ्याने नोंदणी करावी, आवार आणि पाणी स्वच्छ ठेवावे, पहारेकरी नेमावेत, साथीच्या रोगाचा माणूस आढळल्यास पोलिसांना तत्काळ कळवावे, असे त्याचे स्वरूप. पटकी आणि चोरी या दोन भयांतून तो जन्मला हे त्यातल्या कलमांवरून दिसतेच. त्यातले एक कलम मात्र उतारूच्या बाजूचे होते. सरायीत राहण्याचे जे दर असतील त्यांची यादी, जिल्हा मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी आणि सांगेल त्या भाषांत, लावलीच पाहिजे. मोडणाऱ्याला वीस रुपयांपर्यंत दंड. दर किती असावा हे कायद्याने सांगितले नाही. तो उघड आणि वाचता येईल अशा भाषेत असावा एवढेच सांगितले. त्याच काळातल्या डाकबंगल्यांत हीच शिस्त अधिक कडक दिसते. माणशी रोजचा एक रुपया, आणि चोवीस तास राहून झालेल्या प्रवाशाने नवा प्रवासी आल्यास त्याला जागा करून द्यायची. डाकबंगले व्यवहारात साहेब लोकांचेच होते, हे खरे. तरीही नियम कागदावर आणि भिंतीवर होता, आणि जागेवरचा हक्क काळावर मोजला जात होता. आधी कोण आला आणि किती तास झाले, या दोन गोष्टी पाहिल्या की निकाल लागे. मुक्कामाच्या न्यायाचे हे नवे माप होते.

हे माप थंड हवेच्या ठिकाणी कसे रुजले हे समजायला महाबळेश्वरकडे वळावे लागते. १८२४ मध्ये जनरल लॉडविक त्या पठारावर चढले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास तिथे वसाहत घातली आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा हे गाव देऊन त्या बदल्यात ही जागा घेतली. म्हणून तिचे नाव माल्कमपेठ. पुढे मुंबई सरकारचे वर्षच तीन गावांत वाटले गेले. थंडीत मुंबई, पावसाळ्यात पुणे, आणि उन्हाचे दिवस महाबळेश्वरात. गव्हर्नर आले की सचिव, कारकून, संस्थानिक, वकील, व्यापारी आणि त्यांची बिऱ्हाडे येत. सरकारच्या दप्तराने हंगामाचा आरंभ ठरवला, आणि शेवट ठरवला तो पावसाने. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस जिथे पडतो, तिथे जूनच्या मध्यानंतर राहणे त्या काळच्या घरांत जवळजवळ अशक्य होते. भिंती भिजून ढासळू नयेत म्हणून घरे गवताच्या ताट्यांनी चहूबाजूंनी झाकत आणि माणसे वाईकडे, साताऱ्याकडे खाली उतरत. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात एक छोटा हंगाम, मग मार्चपासून मोठा. वर्षातून जेमतेम पाच महिने चालणारे हे गाव होते. पण घराची शाकारणी, डागडुजी, राखणदाराचा पगार आणि कर्जाचे व्याज बारा महिने चालू असे. हंगामी भाड्याचे मूळ या साध्या हिशेबात आहे. पाच महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिने काढायचे असतील, तर त्या पाच महिन्यांचा भाव वर्षभराचा भार घेणारच.

हा हिशेब हवामानाचा आहे, मालकांच्या वृत्तीचा नाही, याचा पुरावा शेजारीच उभा आहे. महाबळेश्वरापासून वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीत पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. तेवढ्या एका फरकाने दोन गावांचे नशीब वेगळे झाले. पाचगणीत वर्षभर राहता येत होते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन यांच्या पुढाकाराने तिथे कायमची वस्ती झाली, बागा झाल्या, आणि पुढे निवासी शाळा उभ्या राहिल्या. शाळेला जूनमध्ये गाव रिकामे करून चालत नाही. एका गावाचा संसार हंगामावर, दुसऱ्याचा सत्रांवर. माथेरानची गोष्ट महाबळेश्वरासारखी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तो डोंगर चढून गेले आणि वस्तीला सुरुवात झाली. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये पुण्याकडे गेली, पण नेरळ तिच्या आधीच रुळांवर आले होते; मुंबईकराला डोंगराचा पायथा गाठणे सोपे झाले. अवघड होती ती पुढची चढण, घोड्यावरची किंवा माणसांच्या खांद्यावरची. १९०७ मध्ये पीरभॉय घराण्याने दोन फुटी रुळांची, सुमारे एकवीस किलोमीटरची गाडी वर नेली तेव्हा ती चढणही मोडली. गाडीने मध्यमवर्ग वर आणला. तोवर बंगला घ्यायचा तो साऱ्या हंगामासाठी, नोकरचाकर आणि भांडीकुंडी घेऊन. आता चार दिवसांची रजा असलेला कारकूनही येऊ शकला, आणि त्याला बंगला नको होता, खोली हवी होती. हंगामाचे भाडे मोडून दिवसाचे भाडे झाले ते या स्थित्यंतरातून. महिन्याच्या मापाने विकला जाणारा काळ रात्रीच्या मापाने विकला जाऊ लागला, आणि तेव्हापासून कोणती रात्र हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

याच काळात ‘कोण’ हा प्रश्न किती धारदार होता, हे विसरून पुढे जाता येणार नाही. लोणावळा, देवळाली, माथेरान, पाचगणी येथे ज्ञातींची आणि धर्मसमूहांची सॅनिटोरियम उभी राहिली. दर नाममात्र, हवा उत्तम, पण दार आपल्या माणसांपुरते. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात त्यांना जागा मिळणार नव्हती, म्हणून ते एका पारशी वसतिस्थानात गेले. ती जागा फक्त पारशांसाठी होती. पाहुणाच नसल्याने ओस पडलेल्या त्या वास्तूच्या रखवालदाराने रोजच्या दीड रुपयात त्यांना ठेवून घेतले, पण वहीत नाव पारशी लिहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदवला आहे. भाडे देण्याची तयारी होती, खोली रिकामी होती, हंगाम आड येत नव्हता. आड आली ती वहीतली नावाची ओळ. ज्या समाजात शिक्षणाने एवढ्या उंचीवर गेलेल्या माणसाला नाव बदलून झोपावे लागते, तिथे स्वस्त किंवा फुकट मुक्कामाचे कौतुक सांगताना जीभ अडखळली पाहिजे. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण विठ्ठलाच्या दर्शनाला आलेल्या दलित वारकऱ्याला इतर धर्मशाळांचे दार बंद होते. या दारांना कायद्याचा धक्का बसला तो राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही हे १९५० पासून लागू झाले, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अस्पृश्यतेवरून असे अडवणे शिक्षेस पात्र ठरवले.

आता पहिला आक्षेप समोर येतो आणि तो वजनदार आहे. जात विचारणारे दार गेले, पण पैसा विचारणारे दार आले. मे महिन्यात ज्या खोलीचा दर दुप्पट होतो, ती खोली गिरणीकामगाराला, शेतकऱ्याला, शिक्षकाला कालही बंद होती आणि आजही बंद आहे. मग फरक काय पडला? फरक पडला, आणि तो मूलभूत आहे. जन्म बदलता येत नाही, तारीख बदलता येते. मेमध्ये न परवडणारी खोली सप्टेंबरात परवडू शकते. जन्मावरून बंद झालेले दार कोणत्याच महिन्यात उघडत नव्हते. शिवाय तारखेनुसार ठरलेला दर श्रीमंताला आणि गरिबाला, ओळखीच्याला आणि अनोळख्याला सारखाच लागू होतो. गरिबाला सुट्टी मिळू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यासाठी वेगळे उपाय लागतात आणि ते महाराष्ट्राने काही अंशी केले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने, विश्रामगृहे, कामगार आणि शिक्षक संघटनांची विश्रांतिगृहे हे त्याच वाटेवरचे प्रयत्न. त्यांची संख्या वाढली पाहिजे. पण खाजगी खोलीचा मे महिन्यातला दर दाबून गरिबाची सुट्टी साधत नाही. दर दाबला की खोली मिळते ती ओळख असणाऱ्याला, चिठ्ठी आणणाऱ्याला, आधी हात ओला करणाऱ्याला. म्हणजे ‘केव्हा’ हा प्रश्न मिटवला की त्याच्या जागी ‘कोण’ परत येतो.

ही शंका नुसत्या तर्काची नाही. दरनियंत्रणाचा प्रयोग आपण केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसांचा लोंढा आला, जागा अपुऱ्या पडल्या आणि १९४४ मध्ये भाड्यांबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउसच्या दरांनाही कायद्याचा लगाम घातला गेला. १९४७ चा जो मुंबई भाडे कायदा घराघरांत माहीत आहे, त्याच्या पूर्ण नावातच ‘हॉटेल व लॉजिंग हाउस दर नियंत्रण’ हे शब्द होते. रास्त दर ठरवणे हे सरकारी नियंत्रकाचे काम झाले. केंद्र सरकारनेही १९५७ मध्ये हॉटेलांचा दर्जा आणि दररचना यांचा विचार करायला समिती नेमली. टंचाईच्या शहरात बेघर होऊ पाहणाऱ्या माणसाला या नियंत्रणाने आधार दिला असेल. निकडीचा निवारा आणि हौसेची सुट्टी यांना एकच माप लावू नये, हेही खरे. पण १९९९ मध्ये महाराष्ट्राने नवा भाडे नियंत्रण कायदा केला तेव्हा नावातले हॉटेल गळून पडले, आणि त्यासाठी कोणी मोठे आंदोलन उभारल्याचे आठवणीत नाही. थंड हवेच्या ठिकाणी तर ठरावीक दर अधिकच अवघड. तिथे मागणी वाढली म्हणून खोल्या वाढवता येत नाहीत, वाढवूही नयेत. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले ते जंगल, पाणी आणि उतार वाचवण्यासाठी. माथेरानात मोटारींना बंदी आहे आणि उन्हाळ्यात पाण्याचा ताण ठरलेला. खोल्या मोजक्या, पाणी मोजके, येणारे अमर्याद. अशा वेळी चढा दर गर्दी पांगवण्याचे काम करतो. आज मोसमी पावसातही लोक डोंगरावर जातात, शनिवार-रविवारी घाट तुंबतात, आणि मंगळवारी त्याच खोल्या रिकाम्या असतात. ही माणसे आठवडाभरात आणि वर्षभरात विखुरली गेली, तर त्यात डोंगराचे हित आहे, तिथल्या घोडेवाल्याचे, रिक्षावाल्याचे आणि वेटरचेही हित आहे, कारण त्यांना दोन महिन्यांच्या धावपळीऐवजी बारा महिन्यांची भाकरी मिळते.

दुसरा आक्षेप वेळेचा. दिवसाचे पैसे घेता आणि दुपारी दोनला खोली देऊन दुसऱ्या दिवशी अकराला काढून घेता. मग दिवस एकवीस तासांचा कसा? या तक्रारीमागे दिवस म्हणजे काय, याविषयीच्या दोन वेगळ्या कल्पनांची टक्कर आहे. एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशनजवळच्या लॉजमध्ये अजूनही अनेकदा ‘चोवीस तास’ पद्धत असते. रात्री अकराला आलात तर दुसऱ्या रात्री अकरापर्यंत खोली तुमची. तिथे येणारा माणूस कामासाठी आलेला, एकटा, गाडीच्या वेळेला बांधलेला. एक एक करून माणसे येतात आणि जातात, म्हणून प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते. डोंगरावरच्या हॉटेलात माणसे घोळक्याने येतात आणि घोळक्यानेच जातात. शिवाय तिथे जुन्या काळापासून खोलीबरोबर जेवणखाण देण्याची पद्धत आहे, माथेरानात तर ती अजून ठळक दिसते. दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, हा एक दिवस. जिथे दिवस पंगतींनी मोजला जातो तिथे तो दुपारच्या जेवणाने सुरू होतो आणि नाश्त्याने संपतो. मधले दोन-तीन तास चादरी बदलायला, न्हाणीघर धुवायला, पाणी भरायला लागतात, आणि ते काम करणारी माणसेही माणसेच आहेत. म्हणून दुपारचा नियम मुळात लबाडीचा नाही. लबाडी होते ती तो नियम पैसे घेताना न सांगता दाराशी सांगितला जातो तेव्हा. पहाटेच्या बसने लहान मूल घेऊन आलेल्या कुटुंबाला आगाऊ रक्कम घेताना वेळ सांगितलेली नसेल आणि मग ओसरीवर सात तास बसवून ठेवले जात असेल, तर ती फसवणूक आहे. नियम तोच, पण सांगितला तर करार आणि लपवला तर अडवणूक.

तिसरा आक्षेप हॉटेलमालकांचा, आणि तो व्यवहाराचा आहे. दर आधीच जाहीर करून टाकले तर घासाघीस संपेल, रिकामी खोली ऐनवेळी स्वस्तात देता येणार नाही, व्यवसाय बसेल, असे ते म्हणतात. याचे उत्तर असे की जाहीर दर म्हणजे वरची मर्यादा. तिच्या खाली सूट द्यायला कोणी अडवत नाही. अडवायचे आहे ते तिच्यावर चढायला. जाहीर दर या कल्पनेला आपल्या करव्यवस्थेत अगदी अलीकडेपर्यंत मान होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा खोलीवरचा कराचा टप्पा जाहीर दरावरून ठरत असे. खोली प्रत्यक्षात कमी पैशांत दिली तरी टप्पा जाहीर दराचाच. व्यावसायिकांनी याला आक्षेप घेतला, आणि वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेवर टप्पा ठरू लागला. कराच्या दृष्टीने हा बदल न्याय्य होता, कारण न मिळालेल्या पैशांवरून कर ठरू नये. पण त्याबरोबर भिंतीवरचा दर ठेवण्याचे एक कारणही नाहीसे झाले. आता दर तासागणिक बदलतो. पडद्यावर एक आकडा दिसतो, पैसे भरायच्या पायरीपर्यंत त्यात सेवाशुल्क, सोयीचे शुल्क, जादा गादीचे पैसे मिळत जातात, आणि शेवटी भलताच आकडा उभा राहतो. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना भुलवणाऱ्या अशा युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत किमतीचे भाग आधी न दाखवता हळूहळू पुढे करण्याच्या प्रकाराचा स्पष्ट निषेध आहे. म्हणजे दीडशे वर्षांनी आपण पुन्हा १८६७ च्या त्या कलमापाशी आलो आहोत. दर लावा, सगळ्यांना दिसेल तिथे लावा, वाचता येईल असा लावा.

आणि ‘कोण’ हा प्रश्न मिटला आहे, असे समजण्याचीही चूक करू नये. ओळखपत्र मागणे सुरक्षेसाठी आवश्यक आहे. परदेशी पाहुण्यांची नोंद कळवण्याचे बंधन कायद्यानेच आहे. पण नोंद ठेवणे एक आणि नोंद वाचून दार लावणे दुसरे. स्थानिक ओळखपत्र चालणार नाही, एकट्या पुरुषांना खोली नाही, लग्न झाले नसेल तर जोडप्याला खोली नाही, अशा पाट्या आजही सर्रास दिसतात. प्रौढ स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहण्याला कोणताही कायदा मनाई करत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले. तरीही हॉटेलचा काउंटर अनेकदा समाजाचा चौकीदार बनतो. आडनाव वाचून, पेहराव पाहून, भाषा ऐकून ‘जागा नाही’ म्हणणे हे भाड्याच्या फलकावर कुठेच लिहिलेले नसते, म्हणून ते पकडणेही अवघड. त्यातच आता ग्राहकाच्या सवयी, त्याचा फोन, त्याची घाई ओळखून त्याच्यापुरता दर ठरवणे तंत्रज्ञानाने शक्य केले आहे. तारखेनुसार बदलणारा दर आणि माणसानुसार बदलणारा दर वरून सारखेच दिसतात, दोन्हींना बाजाराचे नाव दिले जाते. पण त्यांत तीर्थोपाध्यायाची वही आणि सरायीची दरांची यादी यांच्याएवढे अंतर आहे. एक माणसाला त्याच्या ओळखीत अडकवतो, दुसरा त्याला निवड करू देतो. माणसानुसार बदलणाऱ्या दराला बाजाराचे स्वातंत्र्य म्हणून सूट मिळाली, तर आपण बडोद्याच्या त्या वहीकडे मागे चालू लागू.

म्हणून सीझनच्या दरांविषयीचा आपला राग योग्य जागी वळवला पाहिजे. मे महिन्यात खोली महाग आहे, ही तक्रार डोंगराच्या पावसाविरुद्धची तक्रार आहे, तिला उत्तर नाही. खोलीचा दर आधी कळला नाही, आगाऊ पैशांचा परतावा कोणत्या अटीवर मिळेल हे सांगितले नाही, खोली मिळण्याची आणि सोडण्याची वेळ दाराशी कळली, नाव विचारून झाल्यावर जागा संपली, या तक्रारी मात्र न्यायाच्या आहेत, आणि त्या केल्याच पाहिजेत. पर्यटन खाते, नगरपालिका आणि हॉटेलमालकांच्या संघटना यांनी एवढेच ठरवावे की हंगामाच्या तारखा आणि त्या तारखांचे कमाल दर वर्षाच्या आरंभी जाहीर होतील, करांसह होतील, मराठीत होतील, आणि दाराबाहेर लागतील. उतारूनेही खोली ठरवताना तो फलक मागावा, न दिसल्यास विचारावे, आणि दिसलेल्या दराहून अधिक मागितल्यास लेखी तक्रार करावी. रात्री दारात उभ्या असलेल्या माणसाला तू केव्हा आलास आणि केव्हा जाणार, एवढे विचारण्याचा हक्क घरमालकाला आहे. तू कोण, हे नोंदवहीपुरते विचारावे. त्या उत्तरावरून दर किंवा दार ठरवण्याचा हक्क त्याला नाही.